अजबबंगल्यातली मोट

चैत संपता संपता एका दुपारी बोरझरीच्या शिवारावर वावटळ उठली. तिच्यामागून ढग आले, दहा-बारा टपोरे थेंब पडले आणि एक वीज कडाडून नाल्याजवळच्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, कोसळली. पाऊस काही आला नाही. ढग आले तसे काटोलकडं निघून गेले. पण डीपी काळीठिक्कर पडली, तिच्यातलं तेल खाली गळून गवत पेटलं आणि शिवारातल्या एकोणीस मोटारी एका दमात मुक्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी लाईनमन सायकलीवरून आला. खांबाखाली उभं राहून त्यानं वर पाहिलं.

"नवी आनाव लागते," तो म्हणाला.

"कवा येईन?" रुपरावनं विचारलं.

"वादळात लय जागी जळल्या म्हनतेत. नागपूरवरून नंबरानं येईन. महिना धरून चाला."

महिना. रुपरावनं आपल्या बगीच्याकडं पाहिलं. नाल्याच्या वरच्या अंगाला त्याची संत्र्याची दोनशे झाडं होती, आठव्या वर्षातली. आंबिया बहार यंदा पहिल्यांदाच मनासारखा धरला होता. फळ बोराएवढं झालं होतं. या दिवसांत झाडाला आठवड्यानं पाणी चुकलं, तर झाड आधी आपला जीव धरतं आणि फळ सोडून देतं.

सरपंच ताराचंदकडं डिझेलचं इंजिन होतं. त्यानं तीन सकाळी ते रुपरावच्या विहिरीवर दिलं. चौथ्या दिवशी माणूस पाठवून परत नेलं. त्याचीही चारशे झाडं होती, त्यामुळं त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मग रुपराव आणि त्याची बायको प्रयागबाई दोरानं पाणी शेंदू लागले. विहीर तीस हात खोल. रुपराव शेंदायचा आणि प्रयागबाई एक घागर डोक्यावर, एक काखेत घेऊन झाडाच्या आळ्यात रिचवायची. वाळली माती घागरभर पाणी असं प्यायची, की पाऊल मागं घेईस्तोवर नुसता ओला डाग उरायचा. उजाडल्यापासून उन्ह डोक्यावर येईपर्यंत दोघांच्या हातून नऊ झाडं व्हायची. चार दिवसांत रुपरावच्या तळहाताची साल निघाली आणि प्रयागबाईची मान उजवीकडं वळेना.

पाचव्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसले. तिसरा म्हणजे रुपरावचा बाप, जागेश्वर. पंचाहत्तरीचा, गुडघ्यांनी गेलेला, पण आवाज खणखणीत. त्यानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवून ठेवला आणि म्हटलं,

"असं घागरीनं बगीचा जगते का गा? मोट कुठी हाय आपली?"

"हाय ना," रुपराव म्हणाला. "तुमच्या सुनेच्या अजबबंगल्यात. खुटीले टांगली हाय. लोकं पाह्यतेत तिले."

प्रयागबाईनं सासऱ्याच्या ताटात कांदा फोडून ठेवला.

अजबबंगला म्हणजे वस्तुसंग्रहालय, पण नागपूरचा मोठा नव्हे. तो तर गावातल्या सगळ्यांनीच पाहिला होता. कोर्टाच्या नाही तर दवाखान्याच्या कामाला गेलं, की माणूस तिथल्या पेंढा भरलेल्या वाघापुढं उभा राहून यायचाच. बोरझरीचा अजबबंगला म्हणजे जुन्या शाळेची एक खोली. नवी शाळा रस्त्यावर झाली आणि त्याच साली मास्तरीण इंदुताई रिटायर झाल्या. मूळच्या नागपुरातल्या महाल वस्तीतल्या, पण तीस वर्षं गावात काढल्यावर त्या परत गेल्याच नाहीत. त्यांनी पंचायतीकडून खोली मागून घेतली आणि घरोघर फिरून कोपऱ्यातली अडगळ गोळा केली. लाकडी मापं, तिफण, दगडी दिवे, बाळंतिणीची बाज, शेतात सापडलेले जुने मणी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येकीची वहीत नोंद. गावानं हसत हसत खोलीला नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

पाच-सहा जण खोलीचं पाहत. त्यांत सगळ्यांत जास्त प्रयागबाई पाही. भिंतींचा पोचारा तिच्याकडं, वाळवीसाठी कडुनिंबाचा धूर तिच्याकडं, रविवारी आणि बाजाराच्या दिवशी कुलूप उघडून बसणं तिच्याकडं. चौथीपर्यंत शिकलेली असल्यानं वहीही तीच धरे. ह्याचं तिला कोणी काही देत नव्हतं आणि तिनं कधी मागितलंही नव्हतं. घरच्या कामातून दोन घटका ती तिथं बसे, एवढंच.

मोटही तिनंच नेली होती. मोटार बसल्यावर मोट गोठ्यात पडून होती. रुपराव ती कापून चपलांचे तळ करणार होता. प्रयागबाईनं त्याच्या हातातली रापी धरली आणि म्हणाली, "बाईले देऊन टाका." त्यानं दिली. सहीही केली, कारण इंदुताईंचा तसा नेम होता. पहिल्या वर्षी एकानं लग्नासाठी म्हणून आपला हंडा परत नेला, तो भंगारातच गेला. तेव्हापासून देणाऱ्याची सही घेतल्याशिवाय बाई वस्तू घेत नसत. 'कायमची दिली, परत मागणार नाही.' रुपरावच्या सहीवर हे वाक्य प्रयागबाईच्याच अक्षरात होतं.

"बाईले इचारून पाहा ना," जागेश्वर म्हणाला.

"मीच जाईन," प्रयागबाई म्हणाली.

इंदुताई तेव्हा नागपूरला होत्या. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. प्रयागबाई पहाटेच्या गाडीनं निघाली, स्टँडपासून पायी गेली आणि नऊच्या सुमाराला दवाखान्याच्या पायरीशी पोचली. दारावरच्या माणसानं तिच्या पायांकडं पाहिलं.

"पाय धुवून ये. फरशी पुसली आत्ता."

नळ मागच्या अंगाला होता. तिनं टाचेच्या भेगांतली माती बोटानं काढली, पाय लुगड्याच्या काठाला पुसले आणि परत आली. तरी त्यानं तिला अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं.

इंदुताई पाठीवर निजल्या होत्या. डोळ्यांवर पांढरी पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची मनाई होती.

"बाई, मी प्रयागा."

"आवाजानं कळलं. एवढ्या उन्हाची कशाला आलीस? खोलीला काही झालं का?"

"खोलीले काई नाई."

तिनं सगळं सांगितलं. डीपी, इंजिन, घागरी, रोज सकाळी झाडाखाली पडलेलं हिरवं फळ. शेवटी म्हणाली, "पंधरा-वीस दिवसासाठी मोट पाह्यजे होती, बाई. मंग पहिल्यासारखी टांगून देईन."

"पहिल्यासारखी होणार नाही, प्रयागा. दहा वर्षं कोरडी आहे ती. पाण्यात घातली की फुगेल, ओढ बसली की फाटेल. बारा गावं हिंडले मी. एक मोट उरलेली नाही. सगळ्यांच्या चपला झाल्या."

"झाडं वाळून राह्यली, बाई."

"कळतं मला. आणि एक तारखेला जिल्ह्याचे लोक खोली पाहायला यायचे आहेत, तेही तुला माहीत आहे. त्यांनी बरं म्हटलं तर खोली राहील, नाहीतर पावसाळ्याआधी ताराचंद तिथं खताची पोती लावणार. त्यांना दाखवायला आपल्याकडं दुसरं मोठं आहे काय?"

प्रयागबाईनं पदरानं त्यांच्या हातावरची माशी हाकलली.

"आज तुला मोट दिली, तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू? मी नाही म्हणते. चाबी तुझ्यापाशी आहे, मी इथं आंधळी पडले आहे. पण मी नाही म्हटलं, हे ध्यानात ठेव."

तेवढ्यात दवाखान्यातली बाई खिचडीची थाळी ठेवून गेली. भरवायला कोणी नव्हतं. भाची दुपारी यायची होती. प्रयागबाईनं हात धुतले, थाळी घेतली आणि लहान लहान घास करून बाईंच्या तोंडाशी धरले. इंदुताईंनी थाळी संपवली. प्रयागबाईनं त्यांचं तोंड पुसलं, तांब्या हाताशी ठेवला आणि निघाली.

घरी आल्यावर रुपरावनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि शेंदायचा दोर उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ झाडांखालून तिनं पाटीभर फळ वेचलं. कवळं, कडक, हिरवंगार. फेकवेना म्हणून पाटी बांधावर तशीच ठेवली आणि ती विहिरीकडं न जाता गावाकडं चालू लागली.

"कुठी चालली वं?" रुपराव ओरडला.

"बैलगाडीचा नाडा घेऊन या. तिकडंच."

तिनं खोलीचं कुलूप उघडलं. आधी वही काढली. रुपराव दारात उभा होता. सात वर्षांत तो त्या खोलीत आला नव्हता. तिनं लिहिलं, 'वस्तू नंबर बारा. मोट व चाक. बाहेर नेली. बाईंनी नाही म्हटलं होतं. प्रयाग रुपराव.' मग स्टुलावर चढून मोट खाली घेतली. दर दिवाळीला ती तिला एरंडीचं तेल लावत आली होती, तरी कातडं लाकडासारखं झालं होतं. मोट तिनं डोक्यावर घेतली, चाक रुपरावनं खांद्यावर.

भर उन्हात दोघं गल्लीतून निघाले. मोटेची लांब सोंड प्रयागबाईच्या पाठीवर आपटत होती. मारुतीच्या ओट्यावरून एकजण म्हणाला, "अजबबंगला इकला का वं, प्रयागाबाई?" दुसरा म्हणाला, "आता खुंट्याच राह्यल्या. त्याईले ताराचंदची पोती टांगा." ओटा हसला. प्रयागबाईचे कान तापले. तिनं पाऊल लांब टाकलं नाही की आखूड केलं नाही.

गाडीथांब्याजवळच्या निंबाखाली बाबूलाल चांभार बसे. त्यानं मोट मांडीवर घेऊन उलटी केली, शिवण अंगठ्यानं दाबत दाबत तळापर्यंत गेला.

"माह्या बापाच्या हातचा टाका हाय हा," तो म्हणाला. "एक दिवस नाल्याच्या डोहात बुडवून ठेवा. मंग तेल पाजा. तळाचा टाका मी नवा घालून देतो." मग थांबून म्हणाला, "एक सांगून ठेवतो, वयनी. हे कातडं एकडाव जगन. दुसऱ्यांदा नाई जगवता येत."

विहिरीवरची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती वाट, तरोट्याच्या झुडपांनी आणि दगडांनी भरून गेली होती. दोन दिवस ती खोदून मोकळी केली. चाक बसलं, नाड्याचा दोर बसला, मोट विहिरीत उतरली. आणि बैलांनी पाय रोवले.

कबऱ्या आणि लाल्या ही जोडी मोटार आल्यानंतरची. उतारावरून ओढत जाणं त्यांना कळलं. पण मोट रिकामी झाल्यावर मागं मागं पावलं टाकत वर यायचं, हे त्यांच्या बापजन्मी ठाऊक नव्हतं. कबऱ्या आडवा झाला. लाल्यानं जू मोडायचंच बाकी ठेवलं.

"सोडा त्याईले," जागेश्वर विहिरीजवळच्या बाजेवरून ओरडला. "आज मानसं लावा."

माणसं म्हणजे दोघंच होती. नाडा खांद्यावर घेऊन रुपराव पुढं आणि प्रयागबाई मागं, असे ते धावेवरून खाली निघाले. मोट अर्धीच भरली होती, तरी प्रयागबाईला वाटलं, विहिरीच्या तळाशी कोणी दोर धरून बसलं आहे. चाक करकरलं. मोट काठावर आली, सोंडेतून पाणी धबाबा थारोळ्यात पडलं आणि दगडी पाटातून बगीच्याकडं धावलं. प्रयागबाई नाडा टाकून, फावडं घेऊन त्याच्यामागं धावली.

त्या चाकाच्या आवाजानं गावातले म्हातारे आले. आधी एक आला, मग तिघं आले. बांधावर बसून त्यांनी पहिल्यांदा नावं ठेवली. नाडा उलटा बांधला. चाकाला तेल नाही. धाव उथळ खोदली. दोघांचं आपसात भांडण लागलं, की सोंड किती वर धरायची. मग त्यांतला एक धोतराचा काचा मारून उठला आणि म्हणाला, "सरक वं बाई, तुह्यानं नाई होत." दुपारपर्यंत चारही म्हातारे नाड्याला होते. ओट्यावर हसणाऱ्यांपैकी एक पाहायला आला, त्यालाही त्यांनी शिव्या घालून नाड्याला लावलं.

बैलांना जागेश्वरनं शिकवलं. गुडघे बांधून घेऊन तो काठी टेकत धावेवर उतरला, बैलांच्या पुढं तोंडाकडं तोंड करून उभा राहिला, दोघांच्या कपाळांवर दोन तळवे ठेवले आणि बोलत बोलत त्यांना मागं ढकलू लागला. "चाल बाबू, माघारी चाल. काई नाई मांगं. मी पाहून राह्यलो ना." एक पाऊल. थांबायचं. पुन्हा एक पाऊल. पहिल्या दिवशी दहा खेपा झाल्या, दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी बैल आपसूक मागं येऊ लागले आणि जागेश्वर बाजेवर असा निजला, की संध्याकाळपर्यंत त्याला कूस बदलता आली नाही.

मग दिवस सारखे झाले. उजाडायच्या आत जू. विहिरीचा झरा बारीक होता, त्यामुळं साठ-पासष्ट मोटांत तळ लागायचा. जुन्या कातड्यातून पाणी झिरपायचं, म्हणून एका झाडाला दीड मोट. चाळीस झाडं झाली, की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुढची चाळीस. अशी सगळा बगीचा हिंडून पाळी सहाव्या दिवशी परत यायची. रुपराव उतारावर नाड्यावर बसून बैलांसोबत खाली जायचा, प्रयागबाई चिखलात उभी राहून एक आळं बंद करून दुसरं उघडायची. तिच्या पायांची बोटं पाण्यानं कुजली. रुपरावच्या मांडीवर नाड्याचा काळा वळ उठला. संध्याकाळी मोट उपडी घालून ती तेल चोळायची. रोज थोडं जास्त तेल जिरायचं आणि कातडं रोज थोडं पातळ लागायचं.

दुसरी पाळी सुरू झाली तेव्हा झाडाखाली पडणारं फळ थांबलं. एका सकाळी बगीचाभर हिंडून ओंजळभरच निघालं. रुपरावनं ती ओंजळ पाहिली.

"तुह्या बाईनं ठेवली म्हनून होती," तो म्हणाला. "मी तं कापतच होतो."

बाराव्या दिवशी मोट फाटली. सूर्य वर आला होता, मोट निम्म्यावर आली होती, आणि कोणीतरी ओलं लुगडं टर्रकन फाडावं तसा आवाज झाला. ओढ एकदम सैल झाल्यामुळं बैल गुडघ्यांवर पडले, रुपराव त्यांच्यावर कोसळला. विहिरीत पाणी पडल्याचा मोठा धप्पकन आवाज झाला, आणि मग नाड्याला लोंबणारं कातडं भिंतीवर आपटत राहिलं.

बाबूलाल विहिरीवरच आला. त्यानं फाटलेला काठ दोन बोटांत धरून दाबला. तुकडा त्याच्या बोटांत आला.

"माहा टाका तसाच हाय, पाहा. त्याच्या बाजूचं कातडं गेलं. सुई कशात घालू?"

दोन दिवसांनी ट्रकवरून डीपी आली. महिना म्हणता म्हणता सव्वीस दिवसांत आली. मोटारी सुरू झाल्या. दोनशेपैकी सव्वाशेक झाडांवर फळ राहिलं होतं, बाकीच्यांनी सोडून दिलं होतं. झाड एकही मेलं नाही.

त्याच संध्याकाळी इंदुताई भाचीचा हात धरून गाडीतून उतरल्या. डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड होती. चष्मा लागायला अजून महिना होता. प्रयागबाई थांब्यावर गेलीच होती. तिनं बाईंची पिशवी घेतली आणि तिथंच सांगून टाकलं.

"बाई, मोट नेली मी. फाटली."

इंदुताई थांबल्या. "कुठं आहे?"

"खोलीत ठेवली."

खोलीत प्रयागबाईनं मोट जमिनीवर पसरून ठेवली होती. इंदुताई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी चाचपू लागल्या. तोंडाच्या लोखंडी कड्यापासून सुरुवात केली, शिवणीवरून खाली आल्या, फाट लागली तिथं बोटं थांबली, मग फाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वितीनं त्यांनी ती मोजली. चार विती.

"झाडं?"

"जगली. सव्वाशेवर फळ हाय."

"चांगलं झालं," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला. "चाबी दे."

प्रयागबाईनं कमरेची चाबी सोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. इंदुताईंनी मूठ मिटली. प्रयागबाई घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. रुपरावनं विचारलं, "काय म्हने?" ती म्हणाली, "काई नाई." पण त्या रात्री ती जेवली नाही.

एक तारखेला जिल्ह्याचे दोन साहेब आणि एक बाई आल्या. प्रयागबाई इतर बायकांसोबत खोलीबाहेर उभी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. मण्यांपुढं पाहुणे बरेच रेंगाळले. मग पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे असं फाटलेलं का ठेवलंय?"

प्रयागबाईनं पदर तोंडाशी नेला.

"मोट आहे ती," इंदुताईंचा आवाज आला. "गेल्याच महिन्यात फाटली. पाणी काढताना."

"गेल्याच महिन्यात?" पाहुण्या बाई हसल्या. "संग्रहातल्या वस्तू वापरता तुम्ही?"

इंदुताईंनी चहा आणायला सांगितलं. पाहुण्यांनी चहा घेतला, वहीत 'संग्रह चांगला, छताची दुरुस्ती करावी' असं लिहिलं आणि जीपगाडी निघून गेली.

ताराचंदनं वही वाचली. "चांगला लिवला हाय," तो म्हणाला. "पन खत कुठी ठेवू, मास्तरीणबाई? मागच्या साली अर्धी पोती भिजली." भाषणं झाली नाहीत. नाड्याला आलेल्या म्हाताऱ्यांतले दोघं पंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. रुपरावही त्यांच्या शेजारी जाऊन बसला. अंधार पडताना ताराचंद वैतागून म्हणाला, "अर्धी. मधात भिंत घालून घ्या. अर्धी पोत्यायची, अर्धी तुमची." रुपराव दुसऱ्या दिवशी मातीच्या विटा घेऊन गेला आणि छातीभर भिंत घालून आला.

प्रयागबाई मात्र तिकडं फिरकली नाही. रविवार गेला, बाजार गेला, पुन्हा रविवार आला.

त्या रविवारी ती बगीच्यात आळी निंदत होती. बांधावरून इंदुताई येताना दिसल्या. हातात काठी, काखेत वही, झापड कपाळावर वर केलेली. त्यांना समोरचं धूसर दिसत होतं. प्रयागबाई खुरपं टाकून धावली आणि त्यांचा हात धरला.

"विहिरीवर ने मला," इंदुताई म्हणाल्या.

थारोळ्याच्या दगडावर त्या बसल्या. थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मोटार चालू होती. जागेश्वर बाजेवर उठून बसला.

"प्रयागा, सात वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले, की मोट अशी भरते, तशी रिकामी होते," त्या म्हणाल्या. "मी एकदाही पाणी काढताना पाहिलं नव्हतं. शाळेत होते तेव्हा सकाळी शाळा. आणि आमच्या महालात नळ होता."

जागेश्वर मोठ्यानं हसला.

"मला अजून लिहिता येत नाही. तू लिही." त्यांनी वही पुढं केली. "चिठ्ठीवर एक ओळ आहे नुसती. तेवढ्यानं आता भागणार नाही. धाव किती लांब आहे?"

प्रयागबाईला ठाऊक नव्हतं. ती उठली आणि उतारावरून पावलं मोजत गेली. सत्तावीस. "तीस," जागेश्वर बाजेवरून म्हणाला. "तू ढांगा टाकून राह्यली. बैलाच्या पावलानं मोज." तिनं पुन्हा मोजलं. मग एका मोटेला किती वेळ लागतो, सोंड केव्हा उचलायची, नाड्यावर माणूस काहून बसतो, नवा बैल मागं कसा वळवायचा. जागेश्वर सांगत होता, प्रयागबाई मधेच त्याला खोडून काढत होती, म्हातारा चिडत होता, आणि इंदुताई दोघांचंही लिहायला लावत होत्या. बाबूलालच्या बापाचं नाव आलं. आढेवेढे घेणाऱ्या कबऱ्याचंही आलं. मधेच रुपरावनं येऊन मोटार बंद केली आणि तोही ऐकत उभा राहिला. चार पानं भरली. चाबीचं इंदुताईंनी काही काढलं नाही, प्रयागबाईनंही नाही.

"फाटली ते लिहू का, बाई?" तिनं विचारलं.

"लिही. त्या दिवशीची कितवी मोट होती?"

"एकसष्टावी."

"कोणत्या झाडाला चालली होती?"

प्रयागबाईनं बोट दाखवलं, मग बाईंना दिसणार नाही हे ध्यानात येऊन म्हणाली, "त्या आंगच्या. नाल्याकडच्या रांगेत, शेवटच्या."

"त्याचं काय झालं मग?"

"फळ गळलं. झाड हाय."

"तेही लिही," इंदुताई म्हणाल्या.